खरवडलेले नाव

भामरागड,
२ जुलै २००४

डॉ. सुरेंद्र देशकर यांस,

हे पत्र वडिलांनी मुलाला लिहिलेले आहे असे कृपया समजू नये. अकरा वर्षे आपल्यात पत्रव्यवहार नाही, आणि तो नव्याने सुरू करावा असाही माझा हेतू नाही. मेंदूच्या फिल्म वाचण्यात नागपुरात आपला शब्द मानला जातो, एवढ्याच कारणाने लिहीत आहे.

सोबतची फिल्म इस्तारी नावाचे गृहस्थ आपल्या हाती देतील. ते येथे मासेमारी करतात. त्यांना काही विचारू नये. फिल्मपलीकडचे त्यांना सांगता येणार नाही.

रुग्ण स्त्री आहे, वय पन्नाशीच्या अलीकडे. होळीनंतर डोकेदुखी सुरू झाली. पुढे डाव्या हाताची बोटे जाळ्याची गाठ मारताना मध्येच थांबू लागली. मे महिन्यात झटका आला, तेव्हा चंद्रपुरास नेऊन सीटी स्कॅन करवला. अहवालात शब्द आहेत: ‘कड्यासारख्या गाठी, क्षयाशी सुसंगत.’ त्यावरून येथील ग्रामीण रुग्णालयाच्या डॉ. रीता मेश्राम यांनी क्षयाची औषधे आणि मेंदूची सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू केल्या आहेत.

माझी हरकत औषधावर नाही, अनुमानावर आहे. क्षयाची गाठ असेल तर कडे दिसते; आता कडे दिसते, म्हणून क्षयाची गाठ आहे. तर्कशास्त्राच्या पेपरात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले तर मी त्यास शून्य देत असे. ‘सुसंगत’ हा शब्द फक्त विरोध नाही एवढेच सांगतो. डॉ. रीता यांना मी हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, इथी शंभरात नव्वद जणांले टीबीच असते. मी बाकीच्या दहांले शोधत बसली, तर नव्वद मरतील.” हे उत्तर चुकीचे नाही, पण ते रुग्णाविषयी नाही, जिल्ह्याविषयी आहे.

आपण फक्त फिल्मवर मत द्यावे. आपले मत निर्लेप राहावे म्हणून प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यातील मजकूर मी ब्लेडने खरवडून काढला आहे. परीक्षकाला उत्तरपत्रिकेवरील नाव दिसू नये, हा नियम मी नोकरीभर पाळला.

येथील दूरध्वनी मृत आहे. पर्लकोटेवरील पूल अजून उघडा आहे, तोवर बस जाते. उत्तर त्वरेने द्यावे.

दि. ना. देशकर


भामरागड,
१५ जुलै

चि. सुरेंद्र,

तुझे उत्तर मिळाले. चार ओळी आहेत आणि चारही योग्य आहेत, म्हणून त्या उतरवून घेतो. वाद करताना प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्याच शब्दांत मांडावे.

‘ही फिल्म तुम्ही निकामी केलीत. कोपऱ्यात नावाखालीच यंत्र लिहिते की चित्र शिरेतून औषध टोचण्यापूर्वीचे की नंतरचे. तेही तुम्ही खरवडले. समोरच्या भागातला पांढरा डाग टोचण्यापूर्वीचा असेल तर ते रक्त आहे, नंतरचा असेल तर तो काहीही असू शकतो. आणि इस्तारीला मी काही विचारले नाही. तो दारातच म्हणाला, भाऊ, माह्या बहिणीचं डोस्कं हाय हे, जरा नीट पाहा.’

होय. गोकुळा आहे.

निर्लेप मताचा मुद्दा खोटा नव्हता, पण अपुरा होता. कोपऱ्यात छापलेले नाव ‘गोकुळा दि. देशकर’ असे होते. तू ते आडनाव पाहून पाकीट बंद करशील, असे मी गृहीत धरले. गोकुळाशी माझ्या लग्नाच्या दिवशी जेवणाच्या ताटावर मी तुझ्यापुढे विधुराच्या पुनर्विवाहाचे समर्थन मुद्देसूद केले होते. तू एकही मुद्दा खोडला नाहीस. ताट सरकवलेस आणि ‘वसतिगृहाची स्वयंपाकीण’ एवढे दोन शब्द बोलून गेलास. त्यानंतर तुझ्याकडून काय अपेक्षावे याला माझ्यापाशी दुसरा आधार नव्हता.

आता फिल्मविषयी. फिल्म दोन आहेत. मी तुला पाठवली ती अधिक स्पष्ट दिसली म्हणून. दुसरी येथे ट्रंकेत आहे. तिचेही कोपरे मी त्याच बैठकीत खरवडले. खिडकीशी धरली असता पांढरा डाग दोहोंत सारखाच दिसत होता, हे मला आठवते. पण कोणती आधीची हे मी कोणत्याही युक्तिवादाने ठरवू शकत नव्हतो. दोन दिवस मी ट्रंकेजवळ बसून होतो. गोकुळा खाटेवरून पाहत होती.

“काय हुडकून राह्यले मास्तर?”

मी सांगितले.

“हे मले इचारा ना! पयल्या खेपेले माह्या कानातले फुलं काढाचे राह्यले होते. तो मशीनवाला कावला, बाई, लोखंड घालून झोपली काय म्हणे. मी म्हटलं, सोनं हाय बाप्पा, लोखंड म्हणू नको. मंग फुलं काढले, मंग सुई टोचली, मंग दुसऱ्या खेपेले आत सरकवलं.”

ट्रंकेतल्या फिल्मवर, कवटीच्या तळाकडच्या चौकटींत, कानाच्या जागेवरून आडव्या पांढऱ्या रेघा आरपार गेल्या आहेत. मी त्यांना छपाईचा दोष समजत होतो. तुझ्याकडील फिल्मवर त्या नसाव्यात, पाहून घे. असे असेल तर ट्रंकेतली आधीची आहे, आणि तीत डाग आहे. म्हणजे रक्त. ही फिल्म पाठवत आहे. त्या बैठकीनंतर तिला ब्लेड लागलेले नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. स्टेरॉइड सुरू झाल्यावर ती सुधारली. आठवडाभर तिने पुन्हा जाळ्याच्या गाठी मारल्या, माझ्या चष्म्याची दोरीही ओवून दिली. डॉ. रीता म्हणाल्या, “पाहा सर, टीबीच होता.” मीही तेव्हा गप्प बसलो. शून्य देणारा परीक्षक सोयीचे उत्तर आले की गुण देतो, हे त्या आठवड्यात दिसले. नागपुरास नेण्याचा विचार आम्ही त्याच आठवड्यात सोडला आणि त्याच आठवड्यात रस्ता मोकळा होता; आता पूल मधूनमधून पाण्याखाली जातो. आता हात पुन्हा थांबला आहे. कालपासून ती उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवते.

वडील


भामरागड,
१ ऑगस्ट

चि. सुरेंद्र,

पूल आता पुरताच पाण्याखाली गेला. गावाच्या एका अंगाला पर्लकोटा, दुसऱ्या अंगाला पामुलगौतमी आणि पुढे दोघींना पोटात घेणारी इंद्रावती. या भूगोलाचे वर्णन मी पूर्वी कौतुकाने करीत असे. आता दिवसातून तीन वेळा घाटावर जाऊन पाणी कोणत्या दगडापर्यंत आले ते पाहतो आणि परत येतो. दुसरे काही करण्याजोगे नाही.

तुझे पत्र पोचू नावाड्याने आणले. सागाच्या खोडातून कोरलेली त्याची डोंगी आहे. पाणी थोडे शांत झाले की तो डाक आणि मीठ एवढेच आणतो. पत्र प्लास्टिकमध्ये बांधून त्याने ते टोपीखाली ठेवले होते.

तू लिहितोस: रेघांवरून केलेले अनुमान बरोबर आहे, डाग रक्ताचाच आहे, क्षयाची गाठ सहसा अशी रक्ताळत नाही, जंताच्या गाठीही नाहीत, मेंदू आतून कुजवणारे आणि रक्तवाहिन्या फोडणारे काहीतरी असावे. पुढे विचारतोस: ‘अंगावर, विशेषतः नाकावर किंवा चेहऱ्यावर, न दुखणारा, महिनोन्महिने न जाणारा चट्टा आहे का? नीट पाहून सांगा.’

पाहण्याची गरज नाही. आहे.

नाकाच्या उजव्या पाळीवर, सव्वा वर्षापासून. रंग तांबूस, हाताला जाड. दुखत नाही, म्हणूनच भीती. या जिल्ह्यात न दुखणाऱ्या चट्ट्याला एकच नाव आहे, महारोग, आणि ते नाव एकदा दारात उच्चारले गेले की पाण्याच्या हापशीवर बायका घागर मागे घेतात. चंद्रपूर सोडून आम्ही येथे आलो ते लोकांच्या बोलण्यातून सुटण्यासाठी. येथेही तेच सुरू होणे तिला नको होते. ती पदर नाकावर घेऊ लागली. मी तिला कधी पदर बाजूला कर असे म्हटले नाही. डॉ. रीतांनाही आम्ही दोघांनी सांगितले नाही. त्या तिला तपासत तेव्हा हातपाय तपासत, डोळ्यांत बॅटरी मारत. ‘पदर काढा’ म्हणणे त्यांना एका मास्तरच्या बायकोशी अदबीचे वाटले नसावे.

काल मी त्यांना बोलावले आणि पदर काढला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. सुई टोचून पाहिली. गोकुळा ओरडली, “अवं बाई, लागते ना!”

“लागते?” डॉ. रीता म्हणाल्या. “मंग बाई, तो रोग नाई हा. तो असता तर लागलं नसतं.”

“म्हंजे सालभरापासून मी फुकटच तोंड झाकून राह्यली?”

गोकुळाने तो पदर कमरेला खोचला आणि दिवसभर तसाच ठेवला. शेजारची बायनाबाई दारातून डोकावली, तेव्हा मुद्दाम उजेडात तोंड करून बसली.

तू चट्ट्याचा तुकडा मागितला आहेस. रुग्णाला नदी ओलांडवणे अशक्य असताना तिच्या त्वचेचा मिरीएवढा तुकडा नदी ओलांडू शकतो, ही तुझी योजना मला सुंदर वाटली. हा शब्द मी तुझ्या बाबतीत प्रथमच वापरत आहे. डॉ. रीतांनी आज सकाळी जागा बधिर करून तुकडा काढला आणि इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत फॉर्मॅलिनमध्ये घातला. गोकुळाने बाटली उजेडात धरून पाहिली.

“वा रे वा,” ती म्हणाली. “सवतीच्या पोराले माझं नाक कापून धाडून राह्यले! त्याले तर हेच पायजे होतं अकरा सालापासून.”

हे वाक्य तुला कळवावे की नाही यावर मी विचार केला. तिनेच कळवायला सांगितले.

माती आणि पाण्याविषयी तू विचारले आहेस. उन्हाळ्यात डोह आटतात, तेव्हा इस्तारीबरोबर ती गाळात कमरेपर्यंत उतरून हाताने मासे धरते. काठच्या काळ्या मातीने केस धुते, येथल्या सगळ्याच बायका धुतात. माती लावताना नाकातल्या चमकीभोवती ओरखडा निघाला होता असे ती म्हणते. यातून कारण सिद्ध होत नाही. तसे तर सगळ्या गावाने आजारी पडायला हवे. केवळ नोंदवतो.

बाटलीचे तोंड मेणाने बंद केले आहे.

तुझे वडील


भामरागड,
२१ ऑगस्ट, शनिवार, सकाळ

चि. सुरेंद्र,

हे पत्र गोकुळाबरोबर येईल. ती पोहोचली तर पत्र पोहोचेल. उलट अर्थ तू काढून घे.

तुझे परवाचे पत्र मी तिला वाचून दाखवले. तिने तशी अट घातली होती. तुकडा गेल्यापासून ती दिवसातला बराच वेळ झोपेत असते. जागी असते तेव्हा शब्द शोधावे लागतात, पण ज्या प्रश्नाला उत्तर हवे तो प्रश्न तिला बरोबर सापडतो. ती म्हणाली होती, “तुमच्या पोराले लिवा, मले लांबलचक नाई पायजे. मी मरून राह्यली का नाई, तेवढं सांग म्हणा.”

मी वाचत गेलो. तुझ्या मित्राने तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. रक्तवाहिन्यांभोवती गोलसर पेशी दिसल्या, ज्या तिच्या नाहीत. अमीबा, मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहणारा, आमांशाचा तो नव्हे. नाकावरून रक्तावाटे मेंदूत गेला असावा. क्षयाची औषधे निरुपयोगी आहेत. स्टेरॉइडने सूज उतरली म्हणून बरे वाटले, आणि त्या आडोशाने तो वाढला; गोळ्या डॉ. रीतांच्या देखरेखीखाली उतरत्या मात्रेने बंद करायच्या. चार-पाच औषधे एकत्र द्यावी लागतील, ती तू मिळवली आहेस, पण ती शिरेतून, मोठ्या रुग्णालयात, रोज रक्त तपासत द्यायची आहेत. शनिवारी तू रुग्णवाहिका घेऊन पलीकडच्या काठावर थांबशील.

मी थांबलो. ती म्हणाली, “एक ओळ गाळली तुमी.”

“नाही.”

“मास्तर, तुमी वाचता तवा बोट ओळीखालून सरकवता. आत्ता बोट सरकलं, तोंड नाई उघडलं.”

मग मी वाचले: ‘या रोगातून वाचलेली माणसे जगभरात बोटांवर मोजण्याइतकी आहेत, खोटी आशा देऊ नका.’

तिने उजव्या हाताची बोटे उघडून पाहिली. मग म्हणाली, “बोटावर का होईना, हायेत ना? मंग चला.”

मी हरकत घेतली. तुला माझी पद्धत ठाऊक आहे. डोंगी उलटण्याचा धोका आज, निश्चित आणि डोळ्यांसमोर आहे. औषधाचा लाभ दूर आणि संदिग्ध आहे. न नेल्यास मृत्यू जवळजवळ निश्चित, नेल्यास वाटेतच मृत्यू संभवतो. या पेचाची दोन शिंगे, आणि दोन्हींना सारखीच धार. पाणी उतरेपर्यंत थांबण्याचा तिसरा पर्याय मी मांडला. इस्तारी दाराला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, “मास्तर, पानी उतराची वाट पाहाल तर दिवाळी येते.” पोचूला विचारले. तो माडिया आदिवासी आहे, आमच्याशी मोडक्या मराठीत बोलतो. “शनवारी सकाळी वारा नाई राहत,” तो म्हणाला. “बाई झोपली राहील, हालणार नाई, तर डोंगी जाते. हालली तर नाई जात.”

“मी कायले हालू?” गोकुळा म्हणाली. “आता हालाचं राह्यलंच काय माह्यात? आन मास्तर, मी तळ्याकाठची हावो. नागभीडले आमी लेकरं चालाच्या आधी पोहाले शिकतो. पाण्यातूनच घुसलं ना हे? मंग पाण्यातूनच नेऊ त्याले.”

हा युक्तिवाद नव्हे. मला तो खोडता आला नाही.

डोंगीत आडवी गोकुळा, पुढे पोचू, मागे इस्तारी. चौथ्याला जागा नाही. एकाहत्तराव्या वर्षी मी त्या खोडात बसलो तर तोल जाईल, असे इस्तारीने शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले. तेव्हा मी येथेच राहतो.

तिचा डावा हात खाली लोंबतो आणि तिला ते कळत नाही. उचलताना आधी तो हात घ्यावा.

वडील


भामरागड,
१२ सप्टेंबर

चि. सुरेंद्र,

पाणी अजून पुलावर आहे.

त्या सकाळचे, मला दिसले तेवढे सांगतो, कारण तुझ्या बाजूने ते वेगळे दिसले असेल. काठापासून निघाल्यावर डोंगी मधल्या धारेत आडवी झाली आणि बरेच खाली वाहत गेली. त्या वेळी माझ्या डोक्यात एकही विधान नव्हते. मग पोचूने ती सरळ केली. पलीकडे पाऊस होता. पांढऱ्या शर्टातला एक मनुष्य काठावरून डोंगीच्या बरोबरीने धावत खाली आला, बूट न काढता पाण्यात उतरला, छातीपर्यंत. त्याने प्रथम डोंगीच्या डाव्या बाजूला हात घातला. इतक्या दुरून मला हात दिसणे शक्य नाही. तरी मी पाहिले असे म्हणतो. डाव्या हाताविषयी लिहिले ते पत्र तुला तोवर मिळालेले नव्हते, हेही मला माहीत आहे.

नंतर तीन आठवडे काही नाही. डोंगी दोनदा मीठ घेऊन आली, पत्र आले नाही. मी तुला दोष देत नाही; तिच्या उशाशी असलेल्या माणसाने पत्रे लिहावीत अशी अपेक्षा चुकीची आहे. पण या गावातून बाहेर जाणारी प्रत्येक वाट पाण्यात संपते. घरात तिचे अर्धे विणलेले जाळे खुंटीला आहे. बायनाबाई सकाळी भाकर आणून ठेवते, आणि “बातमी?” एवढेच विचारते. मी मान हलवतो. ती भाकर तशीच ठेवून जाते. पूर्वी ती उंबऱ्यापाशी ठेवायची, आता आत येऊन ठेवते.

आज पोचू आला. टोपीखाली काही नव्हते. पाठीला प्लास्टिकात गुंडाळलेले मोठे पाकीट बांधले होते. त्यात नवी फिल्म आहे, एमआरआयची. चिठ्ठी नाही, अहवाल नाही. मी तुला पहिली फिल्म पाठवली होती तशीच, मताशिवाय. अर्थ ध्यानात आला. शिक्षा योग्य आहे.

फरक एवढाच की कोपरे शाबूत आहेत. प्रत्येक चौकटीत छापले आहे: गोकुळा दिगंबर देशकर. पहिल्या फिल्मवर माझे फक्त आद्याक्षर होते. हे पूर्ण नाव यंत्रचालकाला कोणीतरी सांगितले असले पाहिजे.

मी ती खिडकीला लावली आहे. समोरच्या भागात डाग आहे. तो पूर्वीपेक्षा लहान आहे असे मला वाटते. पण यंत्र वेगळे आहे, चौकटीचा आकार वेगळा आहे, आणि पाहणारा निर्लेप नाही. तेव्हा माझे मत ग्राह्य धरू नये. निश्चित एवढेच म्हणता येते की तारीख सात सप्टेंबर छापली आहे, आणि त्या तारखेला ती श्वास घेत होती.

पोचू जायला निघाला आणि घाटावरून परत आला. म्हणाला, सांगायचे राहिले. इस्तारी पलीकडे आला होता, त्याने निरोप दिला.

“काय?”

“बाई बोलते. थोडं थोडं बोलते. तिनं म्हणलं, मास्तरले सांगजो.” पोचूने आठवून आठवून, एकेक शब्द हातावर ठेवल्यासारखा सांगितला. “म्हणलं, पोरगा रोज येते, रोज तेच इचारते, हात हालते का, बोट हालते का. लय इचारते. बापावर गेला.”

मी पोचूला बसवले आणि ते पुन्हा सांगायला लावले. त्याने सांगितले. तिसऱ्यांदा मागितले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “मास्तर, पाणी चढून राह्यलं, मले जाऊ द्या.”

तेव्हा हे पत्र घाईने बंद करतो. तो काठावर उभा आहे. तिला सांग की जाळे खुंटीवर आहे, मी हात लावलेला नाही. आणि सुरेंद्र, तिच्या प्रत्येक कागदावर नाव पूर्णच लिहीत जा.

तुझा बाप